निर्गुडीचा फवारा

अकोल्याला मोर्णेच्या काठी आमचा मळा होता. वांगी, कांदे, मेथी, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि विहिरीच्या अंगाला गावठी गुलाबाचे दोन लांब पट्टे. भाजी पहाटे बाजारात जायची, गुलाब मात्र घरीच राहायचा, कारण आमच्याकडे डेग होती. डेग म्हणजे तांब्याचं मोठ्या पोटाचं भांडं. त्यात फुलं आणि पाणी घालायचं, झाकण चिकणमातीनं लिंपायचं आणि खाली पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करायचा. झाकणातून निघालेला बांबूचा चोंगा दुसऱ्या भांड्यात उतरायचा. ते भांडं थंड पाण्याच्या हौदात बसलेलं असायचं, त्याला भपका म्हणत. वाफ चोंग्यातून भपक्यात जायची आणि तिथे तिचं गुलाबपाणी व्हायचं. आजोबांनी ही विद्या उत्तरेकडून आलेल्या एका कारागिराकडून उचलली होती. सगळ्या अकोल्यात गुलाबपाणी काढणारं माळ्याचं घर आमचं एकच, असं मी तरी शाळेत सगळ्यांना सांगायची.

या कामात सगळी मेख थांबण्यात असते. सुरुवातीचं पाणी कच्चं येतं, त्याला ओल्या पाल्याचा वास असतो. शेवटी येणारं पाणी करपट. मधलं तेवढं गुलाब. ते मधलं कधी संपलं, हे कुठलंही घड्याळ सांगत नाही. बाबा भपक्याच्या तोंडावरचं ओलं फडकं जरासं उचलायचे, नाक खाली न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बस." की त्याच क्षणी चुलीतली पऱ्हाटी बाहेर ओढायची. आमचं गुलाबपाणी दरवर्षी एकच गिऱ्हाईक घ्यायचं, अकोल्याच्या बाजारातले अत्तरवाले चाचा. ते पाण्याचे पैसे देत नसून बाबांच्या त्या "बस"चे पैसे देतात, असं माय म्हणायची. चाचा थट्टेनं दरवर्षी सांगायचे, "भाऊ, ज्या दिवशी हे नाक थकेल, त्या दिवशी डेग मला द्यायची. दुसऱ्या कोणाच्या हाती नाही." आम्ही सगळे हसायचो.

मी पंधरा वर्षांची होते त्या साली दसऱ्याच्या सुमारास आमच्या आळीत सर्दीतापाची साथ आली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, नागपूरहून कागद निघायचे की घरात हवा खेळती ठेवा, गर्दीत जाऊ नका. आळीतल्या कोणी ते वाचले असतील असं वाटत नाही. घरोघरी खोकले सुरू झाले. आमच्याकडे फक्त बाबा पडले. चार दिवस अंग तापलं, पाचव्या दिवशी ते उठून मोटेवर गेले आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

गुलाबाचा खरा हंगाम फाल्गुनात, पण आठवड्याभरानं पावसाळ्यानंतरचा पहिला चुकार गुलाब उमलला. मी तो धावत बाबांकडे नेला, दरवर्षीचा माझा मान होता तो. बाबांनी नाकाशी धरला, फिरवला, परत धरला.

"हा कोन्या झाडाचा वं?" त्यांनी विचारलं. "याले वासच नाई."

मी वास घेतला. घमघमत होता. मला वाटलं थट्टा करताहेत, म्हणून मी खो खो हसले. माझं हसू संपलं तरी बाबा फुलाकडे बघतच होते. मग ते स्वयंपाकघरात गेले, हिंगाची डबी उघडून नाकाशी लावली. लसूण ठेचला. रॉकेलच्या चिमणीत नाक घातलं. माय दारात उभी राहून हे सगळं बघत होती, आणि तिनं काही न विचारता आधी पुढचं दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक गुपित राहायला आलं. बाबांना वास येत नाही ही गोष्ट चाचांच्या कानावर जाता कामा नये. गेली तर गुलाबपाणी गेलं, आणि पाठोपाठ थट्टेतली डेग खरोखरच गेली. बाबा चाचांच्या दुकानात जायचे टाळू लागले. एकदा चाचांनी रस्त्यातच गाठून मनगटावर नवं अत्तर लावलं, तेव्हा बाबांनी डोळे मिटून "वा, वा" म्हटलं आणि घरी येऊन हिंगाची डबी पुन्हा हुंगून बघितली.

अकोल्यात डॉक्टरला दाखवायची सोय नव्हती. दुपारी दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. म्हणून दिवाळीनंतर चांदूरला पाहुण्यांकडे जातो असं सांगून बाबा अमरावतीला निघाले, आणि मी हट्ट करून त्यांच्याबरोबर. माझं कारण सरळ होतं, मला आगगाडीत बसायचं होतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा बाजूला छोट्या रुळांची गाडी धूर सोडत उभी होती. "बाबा, धुराचा वास येते का?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग बडनेऱ्यापर्यंत मी एकाही वासाचं नाव काढलं नाही, आणि माझ्यासारखीला ते फार कठीण होतं.

अमरावतीचे डॉक्टर पुण्याकडचे होते, हळू आणि स्वच्छ बोलणारे. त्यांनी बाबांच्या नाकात छोट्या आरशानं उजेड पाडला, आत बघितलं, आणि टेबलावरून एक वस्तू उचलली. त्या वस्तूनं माझा पुढचा सगळा हिवाळा खाऊन टाकला. काचेची लहानशी बाटली, तिच्या तोंडाला बारीक नळी, आणि मागे लाल रबरी फुगा. डॉक्टरांनी नळी बाबांच्या नाकपुडीशी धरली, फुगा दाबला, आणि फुस्स! धुक्यासारखा बारीक फवारा आत गेला. बाबा शिंकले. दवाखानाभर गार, तिखट वास पसरला.

"याच्यात काय आहे?" मी विचारलं. मुलींनी मध्ये बोलायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं असेल तर मी विसरले होते.

"निलगिरीच्या पानांचं तेल, थोडा कापूर," डॉक्टर म्हणाले.

"पानांचं?" मी जवळजवळ ओरडले. "झाडाच्या पानांचं?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी मला फुगा दाबून बघू दिला. मग बाबांना समजावून सांगितलं, की सर्दीनं नाकाच्या आतला वास घेणारा भाग दुखावतो. कधी काही महिन्यांनी वास परत येतो, कधी अर्धामुर्धा येतो, कधी येत नाही. फवाऱ्यानं नाक मोकळं होईल, चोंदलेलं हलकं वाटेल, पण वास आणून देणारं औषध त्यांच्याजवळ नाही.

"आणि ज्याचं नाक चांगलं आहे त्यानं रोज हा फवारा मारला, तर त्याला सर्दी होणारच नाही ना?" मी विचारलं.

"मुली, छातीठोकपणे नाही सांगता येणार. नाक स्वच्छ राहतं, बरं वाटतं. खोकणाऱ्यापासून लांब राहा, ते जास्त कामाचं. आणि नाकात काही घालायचंच असेल तर उकळून गार केलेलं, किंचित मीठ घातलेलं पाणी असावं. नुसतं पाणी झोंबतं."

मला यातलं "नाक स्वच्छ राहतं" तेवढं ऐकू आलं. परतीच्या गाडीत माझं डोकं फिरफिर फिरत होतं. बाबांचं नाक गेलं तर घरात दुसरं नाक कोणाचं? माझं. लहानपणापासून मी त्यांच्या काखेतून भपक्यात डोकावत आले होते. मला कच्चं पाणी कळायचं, करपट कळायचं. फाल्गुनात गुलाबाचा हंगाम. तोपर्यंत अख्खा हिवाळा, म्हणजे सर्दीचे चार महिने. माझं नाक फाल्गुनापर्यंत जपलं की डेग वाचली. आणि नाक जपायला बाटली, फुगा आणि पानं. पानांना आमच्या बांधावर काय तोटा होता? मी हे सगळं एका दमात बाबांना सांगितलं. समोरच्या बाकावरच्या बाई कान देऊन ऐकत होत्या, म्हणून बाबांनी माझ्या पायावर पाय दिला.

बाटली मिळाली ती चाचांकडेच. त्यांच्या कपाटात विलायती अत्तराची एक रिकामी फवाऱ्याची बाटली पडून होती, फुगा चिरलेला. "खेळायला दे न चाचा," म्हटलं, तर दिली बिचाऱ्यांनी. कशासाठी हवी हे त्यांना कळलं असतं तर! सायकलवाल्यानं जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवून फुगा करून दिला. त्याला सोल्युशनचा वास यायचा, तरी मी तो दिवसातून शंभरदा दाबून बघायची.

पहिला प्रयोग माझ्याच नाकावर झाला. निर्गुडीचा पाला वाटला, तुळस वाटली, जोर यावा म्हणून चार मिरे घातले, फडक्यातून गाळलं आणि फुस्स केलं. मीठ घालायचं विसरले होते, मिरे मात्र विसरले नव्हते. मी अंगणात उड्या मारत विहिरीकडे पळाले. डोळ्यांतून, नाकातून, कुठून कुठून पाणी वाहत होतं. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी आल्या.

"का झालं वं?" त्यांनी मायला विचारलं.

"काई नाई," माय म्हणाली. "माही बह्याड पोरगी नाकाले फोडनी देऊन राहिली."

पण मी हार मानणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी नुसता काढा केला, तो गढूळ झाला आणि नळी बुजली. तिसऱ्या दिवशी मला सुचलं आणि मी आनंदानं किंचाळले. गुलाबाचं जे करतो तेच निर्गुडीचं करायचं! डेगेत पाला, भपक्यात स्वच्छ पाणी, पाण्यात चिमूटभर मीठ. ना गाळ, ना झोंबणं.

बाबांनी ऐकताक्षणी नाही म्हटलं. डेग गुलाबाची. आजोबांच्या वेळेपासून तिच्यात मोगरासुद्धा शिरला नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचं नाक गेलं. माहं गेलं तर डेगेत का भाजी शिजवसान?"

असं बापाशी बोलायचं नसतं. बाबांनी एकदा बांधावरच्या निर्गुडीकडे बघितलं. मग उठले, विळा घेतला आणि स्वतः पाला कापून आणला. त्या दिवशी डेगेत पहिल्यांदा गुलाब सोडून दुसरं काही शिजलं. भपक्यातून जे पाणी आलं ते आरशासारखं नितळ होतं. मी मीठ घातलं, उकळलं, गार केलं, बाटलीत भरलं आणि नाकात फवारा मारला. झोंबलं नाही! नुसता गार, कडवट, हिरवा वास कपाळापर्यंत गेला. मी घरभर नाचले. मायच्या नाकात मारला, बाबांच्या मारला, शेजारणी बघायला आल्या त्यांच्याही मारला, दर वेळी नळी उकळत्या पाण्यातून काढून.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात गडबडीचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन वेळा फवारा. पौषात पुन्हा खोकले सुरू झाले आणि आळीतले लोक आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. "पोरी, मले मार." "माह्या नाकपुडीत दोनदा मार वं." चोंदलेलं नाक सुटलं की म्हाताऱ्यांचे चेहरे असे उजळायचे, की मला मीच अमरावतीची डॉक्टरीण वाटायची. बांधावरची निर्गुडी आम्ही बोडकी करून टाकली. डेग चार वेळा चढली. बाबाही न चुकता फवारा घ्यायचे, माझं मन राखायला. घेतला की मी विचारायची, "आला वास?" ते म्हणायचे, "नाई बाई." मी म्हणायची, "उद्या येईन." हे रोजचं झालं होतं.

मला त्या हिवाळ्यात एक शिंकही आली नाही. श्रेय मी फवाऱ्याला देऊन मोकळी झाले होते. खरं सांगायचं तर मायनं चार महिने मला खोकणाऱ्याच्या जवळ बसू दिलं नव्हतं, ओट्यावरच्या लोकांना ती तोंडाला पदर लावायला लावायची, आणि फवारा मारला की मला आत पिटाळायची. कशानं काय झालं हे मला आजही माहीत नाही.

फाल्गुन लागला आणि गुलाबाचे पट्टे बहरले. चाचा स्वतः मळ्यात आले. अमरावतीला एका बड्या वकिलाच्या घरी लग्न होतं, नागपूरहून मोठमोठे साहेब येणार होते, आणि दाराशी शिंपडायला गुलाबपाणी आमचंच हवं होतं. "भाऊ, आबरू का सवाल है," चाचा बाबांना म्हणाले. बाबांनी "फिकर करू नका" म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. मला इतकं भरून आलं की मी विहिरीवर जाऊन उगाचच तोंड धुतलं.

डेग घासायचं काम बाबांचं. चिंच आणि राख लावून त्यांनी ती तीनदा घासली, झाकण घासलं, चोंग्यातून कढत पाणी सोडलं. मग दरवर्षीप्रमाणे डेगेत डोकं घातलं, दीर्घ श्वास घेतला आणि वर येऊन म्हणाले, "साफ हाये." मायनं लगेच चिकणमातीचा गोळा पुढे केला. मी फुलांच्या पाट्या ओतल्या. आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, की ज्याला हिंगाचा वास येत नाही त्यानं डेग हुंगून साफ असल्याचं सांगितलं होतं. वीस वर्षं त्या माणसानं "साफ हाये" म्हटलं की साफ असायचं. आम्ही सवयीनं ऐकलं आणि त्यांनी सवयीनं म्हटलं.

सकाळी जाळ केला. बाबा भपक्याशी बसले, मी त्यांना खेटून. कोणी कुंपणावरून पाहिलं तरी नेहमीचंच दिसावं, म्हणून आमचं ठरलं होतं. फडकं ते उचलणार, वास मी घेणार, आणि वेळ आली की त्यांचा खांदा दाबणार. कच्चं येत होतं, मग हळूहळू गुलाब आला, भरून आला, भरभरून आला, आणि त्याच्या कडेला करपटपणाची पुसटशी चाहूल लागताच मी खांदा दाबला. "बस," बाबा म्हणाले. मायनं पऱ्हाटी ओढली. मला जमलं होतं! मी पुन्हा पुन्हा वास घेतला. गुलाब, फक्त गुलाब. त्या आनंदात मी दुपारचा फवारा जरा जास्तच मारला.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. मायनं चहा ठेवला. चाचांनी बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं, हात नाकाशी नेला, आणि त्यांची भुवई हलली. त्यांनी हात धोतराला पुसला, दुसऱ्या बाटलीतलं घेतलं.

"भाऊ," ते सावकाश म्हणाले, "गुलाब है. बहोत अच्छा गुलाब है. मगर साथ में और कुछ है."

"काई नाई!" मी मध्ये पडले. "निखळ गुलाब हाये चाचा."

"बेटी, कुछ कडवा है. दवा जैसा."

मी बाटली ओढली, हुंगली. गुलाब. पुन्हा हुंगली. गुलाबच. माझं डोकं तापलं. चार महिने जपलेलं नाक, एक शिंक नाही, आणि हे सांगताहेत दवा! "चाचा, तुमालेच सर्दी झाली असन," मी म्हटलं. माय माझ्यावर डोळे वटारत होती. चाचांचा चेहरा उतरला. त्यांना राग आला नव्हता, लग्नाची काळजी होती, आणि ते बाबांकडे बघत होते. आता बाबा सांगतील ते खरं, असं ते बघणं होतं.

बाबांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी तळहात पुढे केला, मी त्यावर पाणी ओतलं. मला माहीत होतं की ते डोळे मिटून नाटक करतील आणि "गुलाबच हाये" म्हणतील. त्यांनी डोळे मिटले. हात नाकाशी नेला. आणि तसेच राहिले.

"निरगुडी," बाबा म्हणाले.

मला इतका राग आला! माझा बाप, आणि गिऱ्हाइकासमोर माझ्याच विरुद्ध! "कुठी हाये निरगुडी?" मी ओरडले. "मले तर नाई येऊन राहिली!"

"हाये वं," बाबा म्हणाले. त्यांनी पुन्हा वास घेतला. "निरगुडी हाये. कडू, हिरवी. मले येऊन राहिली. ऐकलं का वं, मले येऊन राहिली!"

मायच्या हातातली बशी खाली पडली. मग तिघांचाही एकदम गलका झाला. बाबा तळहात मायच्या नाकाशी नेत होते, माझ्या नाकाशी नेत होते, चाचांच्याही नेत होते, आणि त्या भरात ते गुपित त्यांनी स्वतःच फोडलं. "चाचा, दसऱ्यापासून मले कायचाच वास येत नोता! एक नाई! तुमचं अत्तरबी खोटंच वा वा म्हनलं होतं म्या!" असं आपलं दिवाळं स्वतःच्या तोंडानं जाहीर करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. चाचा एकदा बाबांकडे, एकदा बाटलीकडे बघत राहिले, आणि मग पोट धरून हसू लागले.

हळूहळू सगळं उलगडलं. तांबं घासून निघालं होतं, पण चोंगा बांबूचा. चार वेळा त्याच्यातून निर्गुडीची वाफ गेली होती आणि बांबूनं ती पिऊन ठेवली होती. माय जाळापाशी धुरात बसलेली, आणि बाबांनी गुलाबाच्या गडबडीत आठवडाभर फवारा घेतला नव्हता. मला कळलं नाही, कारण माझं नाक चार महिने दिवसातून तीनदा निर्गुडीत बुडत होतं. दुसरे सगळे वास मी जपले होते, आणि हा एकच हरवून बसले होते.

"आन् गुलाब?" मी बाबांना विचारलं. "गुलाब येते का?"

त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. "नाई," ते म्हणाले. "गुलाब नाई. निस्ती निरगुडी."

चाचांचं हसू थांबलं. लग्नाला नऊ दिवस होते. ते उठून डेगेपाशी गेले, तिच्या काठावरून हात फिरवला. मला वाटलं आता मागतात. मी मायचा पदर घट्ट धरला. "दूसरा बांस डालो," चाचा म्हणाले. "अगले हफ्ते मैं खुद बैठूंगा. देखता हूँ, किसकी नाक कितनी है." एवढं बोलून ते गेले. डेग राहणार की जाणार, हे त्या एका दिवसावर आलं.

त्याच दुपारी बाबांनी नवा बांबू कापून आणला, पोखरला आणि उन्हात टाकला. निर्गुडीच्या पाण्याच्या बाटल्या मायनं शेजारी वाटून टाकल्या. माझा फवारा बंद झाला. ते आठ दिवस मी जीव मुठीत धरून काढले. घराबाहेर पडले नाही, कोणी दारात शिंकलं तरी नाक धरून आत पळायची. सहाव्या दिवशी सकाळी बांधावर उभी असताना वाऱ्यावर निर्गुडीचा वास आला, आणि मी मायच्या नावानं हाका मारत घरात पळाले. माझंही नाक परत आलं होतं.

ठरल्या दिवशी चाचा भल्या सकाळी आले आणि डेगेसमोर खाटेवर बसले. या वेळी डेग मी घासली. आधी बाबांनी आत डोकं घातलं. "निरगुडी नाई," ते म्हणाले. मग मी घातलं, मग चाचांनी. चोंगासुद्धा तिघांनी हुंगला. जाळ झाला. बाबा भपक्याशी बसले. मी शेजारी बसले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायच्या तयारीत.

बाबांनी फडकं उचललं, वास घेतला. थांबले. परत घेतला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतका जोर लावून ते गुलाब शोधत होते. मग त्यांनी फडकं खाली सोडलं आणि उठून उभे राहिले.

"चाचा, खोट हाये का नाई थे म्या सांगतलं," ते म्हणाले. "गुलाबाचं हे माही पोरगी सांगनार. बस तू इथी, बाई."

भपक्यासमोर एकच पाट होता, बाबांचा. त्यावर आजोबांनंतर दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी बसले. बाबा चुलीच्या तोंडाशी, मायच्या जागेवर उकिडवे बसले आणि त्यांनी पऱ्हाटीला हात लावून ठेवला. चाचा खाटेवरून पुढे वाकले. मी फडकं उचललं. कच्चं होतं. मग गुलाब आला. मला हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही. गुलाब चढत गेला, दाटला, आणि त्याच्या मागे ती करपट चाहूल लागली. दाबायला शेजारी खांदा नव्हता.

"बस!" मी म्हटलं, मळाभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आणि बाबांनी पऱ्हाटी ओढली.